गॅरेजमधली धूळ: एका घरगुती वर्कशॉपच्या प्रकल्प नोंदी

जागा: पुणे, कर्वेनगर, जुन्या बंगल्याच्या तळमजल्याचं गॅरेज. दहा बाय अठरा फूट, उंची दहा. पुढे लोखंडी रोलिंग शटर, मागे एक खिडकी, आणि घरात उघडणारं एक दार. गाडी बाहेर असते. आत माझं सुतारकाम, नवऱ्याची स्कूटर आणि कपडे धुण्याचं मशीन.

हत्यारं: सात इंची गोल करवत उलटी बसवून केलेलं कटिंग टेबल, ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपर लावून लाकूड घासायचं यंत्र), ट्रिमर, जिगसॉ, ड्रिल, ग्राइंडर. काम स्टुलं, शेल्फं, अभ्यासाची टेबलं असलं. निम्मं प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा गोंदाने दाबून केलेले तक्ते), निम्मं जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान.

घरात पिवळट पूड येते ही सासूबाईंची तक्रार जुनीच. पण धूळ आवरायचं हे काम हाती घेतलं ते खोकल्यामुळे. सँडर चालवलेल्या दिवशी रात्री हमखास यायचा.

२ फेब्रुवारी २०२५

सगळं सामान अंगणात काढलं. शटरच्या खोक्यावर, ट्यूबच्या पट्टीवर, स्विचबोर्डच्या वरच्या कडेवर बोटभर थर. हे सगळं नजरेच्या वर, म्हणून इतकी वर्षं दिसलं नाही.

हवेतले बारीक कण मोजणारा एक साधा मीटर २,२०० रुपयांना घेतला. असले मीटर लाकडाच्या धुळीसाठी काटेकोर नसतात. आकडा चढतोय की उतरतोय एवढंच त्यातून घ्यायचं.

बंद गॅरेजात सकाळी पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये) होतं ४८. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, म्हणजे पुण्याच्या मानाने ठीक. सागवानाची फळी चिरल्यावर ३००च्या पुढे. एमडीएफवर सँडर फिरवल्यावर ९९९, त्याच्या वर हा मीटर जातच नाही. मग आकडा उतरू दिला, दोनशेच्या आसपास आला, आणि नेहमीसारखा केर काढला. पुन्हा ७००.

म्हणजे केर काढताना मी करवतीपेक्षा जास्त धूळ खात होते. जमिनीवर दिसतो तो भुसा जाड असतो, तो खाली पडतो आणि पडून राहतो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. फुप्फुसात खोल उतरणारे कण १० मायक्रॉनच्या आतले, डोळ्यांना दिसतच नाहीत आणि तासन्‌तास तरंगतात. केरसुणी त्यांनाच पुन्हा हवेत उडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोग होतो असं सिद्ध झालेल्या पहिल्या गटात १९९५ सालीच घातली आहे. ज्यांना ‘आमचे आजोबा जन्मभर सुतारकाम करत होते’ म्हणायची सवय आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलं. आजोबांकडे रंधा होता. त्याच्या ढलप्या निघतात, पूड नाही. आणि एमडीएफ नव्हतं.

आजपासून गॅरेजात केरसुणी बंद. तिच्या जागी काय, ते अजून ठरलेलं नाही.

९ फेब्रुवारी

जमीन. ओलं फडकं फिरवलं की राखाडी निघतं, भुशाच्या रंगाचं नाही. कोबा जुना आहे, वरचा थर पिठतोय. म्हणजे निम्मी धूळ लाकडाची नाहीच, सिमेंटची आहे. नाण्याने खरवडून बघा; पूड निघाली तर आधी जमीन करा, बाकी सगळं नंतर.

दुकानदाराने साधा फ्लोअर पेंट सुचवला. स्वस्त आहे, पण स्कूटरच्या गरम टायरखाली तो सोलून निघतो, हे शेजारच्या पार्किंगमध्ये रोज बघते. म्हणून दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून जमिनीवर द्यायचा टणक थर.

त्याआधी ओल तपासली: दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवून ठेवला. सकाळी खालच्या बाजूला पाणी नाही, कोब्याचा रंगही गडद झालेला नाही. फेब्रुवारीत हे जमतं. जुलैत केलं असतं तर नक्की ओल आली असती आणि इपॉक्सीला फोड आले असते.

१६ फेब्रुवारी

वायर ब्रशने घासून, धुऊन, आठवडाभर वाळवून इपॉक्सीचा प्रायमर मारला. वरच्या कोटाच्या वेळी अर्धा डबा वाया गेला. सगळं एकदम कालवून ठेवलं, कोपरे ब्रशने करत बसले, आणि वळून बघते तर डबा हाताला चटका बसेल इतका तापलेला. पाच मिनिटांत आत दगड. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. डब्यात माल जास्त आणि खोल असला की ती बाहेर पडत नाही, त्याने अजून लवकर घट्ट होतं. कालवायचं ते जेमतेम वीस मिनिटांत संपेल एवढंच, आणि कालवलं की लगेच जमिनीवर ओतून पसरायचं. साधारण ९०० रुपयांचा माल गेला.

रंग फिकट राखाडी घेतला. गडद जमिनीवर खाली पडलेला स्क्रू सापडत नाही.

भिंतींना आतून नुसतं सिमेंटचं प्लास्टर होतं, खरबरीत, धूळ धरून ठेवणारं. पुट्टीच्या भानगडीत पडले नाही. ऑइल बाउंड डिस्टेंपरचे दोन हात दिले. आता ओल्या फडक्याने पुसता येतात.

२३ फेब्रुवारी

शटर. खाली एका टोकाला बोट जाईल एवढी फट, दुसऱ्या टोकाला काहीच नाही, कारण पाणी बाहेर जावं म्हणून जमिनीला उतार आहे आणि तो सरळ नाही. रबराची पट्टी ठोकली (४५० रुपये). एका बाजूला ती दुमडली जाते, दुसऱ्या बाजूला जमिनीला टेकत नाही. शिवाय शटर पूर्ण खाली येईना, कुलूप बसेना.

रबर काढून केसांची ब्रश पट्टी लावली, ज्याला जिथे जसं वाकायचं तसं वाकतं. बाजूच्या चॅनेलनाही तीच. बोहरी आळीत मिळाली, सगळी मिळून ९००. रस्त्यावरची धूळ बरीच कमी झाली. शटरच्या पट्ट्यांच्या सांध्यांमधून येणारी मात्र येतेच. त्यावर इलाज शोधत बसले नाही.

घरात उघडणाऱ्या दाराला खाली पट्टी आणि आतल्या बाजूला तागाचं जाड पोतं, पाय पुसायला. इतकं साधं, पण घरातल्या लोकांना पहिला फरक याचाच जाणवला.

९ मार्च

आता मूळ काम: धूळ जिथे तयार होते तिथेच ओढून घेणं.

ओलं-सुकं दोन्ही ओढणारा वीस लिटरचा व्हॅक्यूम, ६,५००. त्याच्या आधी सायक्लोन, १,४००. सायक्लोन म्हणजे प्लास्टिकचं शंकू. हवा बाजूने आत शिरते, गोल फिरते, जड भुसा कडेला आपटून खालच्या बादलीत पडतो आणि वरून फक्त बारीक पूड व्हॅक्यूमकडे जाते. तो नसेल तर व्हॅक्यूमचा फिल्टर एका प्लायच्या तुकड्यात चोंदतो.

आणि मग मी हौसेने भिंतीवरून पाइपलाइन टाकली. ११० मिमीचा ड्रेनेजचा पाइप, मोठा असला की ओढ जास्त, असा सरळ हिशोब करून. एल्बो, टी, झाकणं, सगळं रविवारभर चिकटवलं. चालू केलं. टेबलाखालून भुसा पाइपमध्ये गेला आणि तिथेच बसला. थपथपवलं तर आत सरकल्याचा आवाज येतो, बादलीत काही पडत नाही.

१० मार्च

रात्री हिशोब मांडला तो असा. भुसा पाइपमधून वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. माझा व्हॅक्यूम नळी जोडल्यावर मिनिटाला फार तर दोन घनमीटर हवा ओढतो. तेवढी हवा ११० मिमीच्या पाइपमधून सेकंदाला जेमतेम चार मीटरने जाते. ५० मिमीच्या पाइपमधून तीच हवा वीस मीटरने जाते.

मोठा पाइप लागतो तो मोठ्या डस्ट कलेक्टरला. तो भरपूर हवा ओढतो, पण त्याचा जोर कमी. व्हॅक्यूमचं उलट: हवा थोडी, जोर भरपूर. परदेशातल्या गॅरेजांचे फोटो बघून मोठे पाइप टाकणाऱ्यांनी आधी त्या पाइपच्या टोकाला कुठलं यंत्र जोडलंय ते बघावं.

११५० रुपयांचे पाइप बागेत गेले. त्यात आता कोथिंबीर आहे.

१६ मार्च

५० मिमीची नवीन लाइन, ७०० रुपये. काटकोनी एल्बो टाळून प्रत्येक वळणाला ४५ अंशांचे दोन बेंड. काटकोनात ढलप्या अडकतात. सांधे सॉल्व्हंटने पक्के चिकटवले नाहीत, नुसते घट्ट बसवून वर टेप. अडकलं तर उघडता आलं पाहिजे. आजच एकदा उघडावं लागलं, सनमायकाची लांब चिरफळी आडवी बसली होती.

सायक्लोनखाली रंगाची वीस लिटरची रिकामी बादली होती. दुपारी नळीचं तोंड फळीवर टेकलं आणि मागे फाट असा आवाज. बादली आतल्या बाजूला चेपून तिचा पापड झालेला. हवा आत यायला वाट नाही आणि व्हॅक्यूम ओढतोय, मग पातळ प्लास्टिक आत येणारच. जुन्या बाजारातून झाकणाचा पत्र्याचा डबा आणला, ९००.

पत्र्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं. सायक्लोनच्या खालच्या बाजूने जरा जरी हवा आत शिरली तरी पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो आणि सरळ व्हॅक्यूममध्ये. बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं, फक्त डबा भरत नाही. झाकणाच्या कडेला दाराला लावतात ती फोमची पट्टी चिकटवली. त्यानंतर व्हॅक्यूमच्या टाकीत जवळपास काही जात नाही.

३० मार्च

पाडवा. काम नाही. व्हॅक्यूमने शटरचं खोकं तेवढं साफ केलं, गुढी बाहेर उभी होती म्हणून शटर उघडं होतं.

६ एप्रिल

सँडर. यासाठीच हे सगळं चाललंय, आणि मी ते सगळ्यात शेवटी ठेवलं. नव्याने करणाऱ्याने पहिल्या दिवशी हेच करावं.

अडचण जोडणीची. सँडरच्या मागचं तोंड एका मापाचं, व्हॅक्यूमची नळी दुसऱ्या, आणि दोन्ही कंपन्या आपापल्या महागड्या अडॅप्टरवर बसलेल्या. सायकलच्या पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, चार इंचांचा तुकडा कापला, एक टोक सँडरवर ओढून चढवलं, दुसरं नळीवर, दोन्हीकडे होज क्लिपा. रबर ताणून कुठल्याही मापावर बसतं, हवा सुटत नाही, आणि सँडरची थरथर नळीत उतरत नाही. क्लिपा आणि पातळ लवचीक नळी मिळून ८५०, ट्यूब फुकट.

पहिल्यांदा चालवलं तर फरकच नाही. पॉलिश पेपर उलटून बघितला: त्याला भोकंच नव्हती. सँडरच्या पॅडला आठ भोकं आहेत, ओढ तिथूनच होते. बिनभोकाचा स्वस्त पेपर लावला की ती सगळी बुजतात. आठ भोकांचा पेपर आणला, तोही पॅडच्या भोकांवर नेमका बसवून लावावा लागतो. थोडा सरकला तरी निम्मी ओढ जाते. अंधुक उजेडात नीट दिसत नाही, म्हणून पॅडच्या दोन भोकांत दोन खिळे उभे धरते, त्यावर पेपर ओवते आणि दाबते.

त्यानंतर तोच एमडीएफ, तेवढाच वेळ. मीटर १४०. आधी ९९९ होता. इथे पहिल्यांदा वाटलं की पैसे वाया जात नाहीयेत.

एक नवीन कटकट: पूर्ण जोर दिला की सँडर लाकडाला चिकटतो, आपल्या मनाने फिरत नाही, आणि सागवानावर गोल गोल ओरखडे उठतात. नळीला बोटभर भोक पाडून त्यावर सरकती पट्टी लावली. ओढ हवी तेवढी कमी करता येते. धूळ तरीही जवळपास तेवढीच ओढली जाते.

एप्रिलच्या कोरड्या हवेत नळीला हात लावला की झटका बसतो. प्लास्टिकमधून भुसा घासत गेला की वीज साठते. नळीवरून आणि पाइपवरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली. झटके थांबले.

२० एप्रिल

तरीही थोडी पूड हवेत उरतेच. मागच्या खिडकीत बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, २,३००. मीटर भराभर उतरला. मी खूश.

संध्याकाळी मागच्या बंगल्यातल्या काकू आल्या. ‘अगं, तुझ्याकडे काय दळण चालू आहे का? माझ्या काळ्या ब्लाउजवर बघ.’ त्यांची कपड्यांची दोरी आमच्या खिडकीसमोरच आहे. ब्लाउज हातात धरून दाखवला. एमडीएफची पूड, शिवणीत बसलेली. मी तो धुऊन द्यायला मागितला, त्यांनी दिला नाही.

माझ्या फुप्फुसातून काढून त्यांच्या दोरीवर टाकणं हा काही उपाय नाही. फॅन काढला.

२७ एप्रिल

तोच फॅन आता छतापासून टांगलेल्या पेटीत. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल या दोन अमेरिकनांनी चार फिल्टर आणि एक पंखा जोडून घरगुती हवा गाळायची पेटी केली होती. तीच कल्पना. आपल्याकडे त्यांचे ते चौकोनी पंखे सहज मिळत नाहीत, म्हणून एक्झॉस्ट फॅन. फिल्टर मोठ्या एसीच्या यंत्रणेत बसवतात ते घडीचे, ६५० रुपयांना एक.

आधी एकच फिल्टर चालेल असं धरून एक लावला. पंखा गुरगुरतो, समोर हात धरला तर झुळूकही नाही. एक्झॉस्ट फॅनला जोर नसतो; समोर अडथळा आला की पाती नुसती फिरतात. उपाय फिल्टर पातळ करणं नव्हे, क्षेत्रफळ वाढवणं. चारी बाजूंना चार फिल्टर, खालून प्लायचं झाकण, वरून पंखा. हवा चारपट जागेतून येते, प्रत्येक फिल्टरला भार कमी. आता वरच्या फॅनला टिश्यू पेपर लावला तर तो सरळ उभा फडफडतो. गॅरेजची हवा सुमारे ५० घनमीटर आहे; पंखा कागदावरच्या क्षमतेच्या निम्मंही काम करत असला तरी तासाला आठ-दहा वेळा ती गाळून निघते.

काम संपलं की पेटी अर्धा तास चालू ठेवते आणि मी बाहेर जाते. एवढं झाल्यावरच मास्क काढायचा. आधी मी करवत बंद केली की लगेच काढायचे, म्हणजे सगळ्यात बारीक धूळ हवेत असतानाच.

४ मे

आज धूर झाला. जुन्या बिजागरीचा गंज ग्राइंडरने काढत होते, व्हॅक्यूम चालूच होता, नळी जवळच. ठिणग्या आत गेल्या. काही कळलं नाही. दहा मिनिटांनी जळका वास आला म्हणून डबा उघडला तर भुशात रुपयाएवढं लाल, धुमसतंय. डबा पत्र्याचा होता आणि मी तिथेच होते. उचलून अंगणात नेला, पाणी ओतलं.

हेच प्लास्टिकच्या बादलीत, मी जेवायला वर गेलेली असताना झालं असतं तर काय, ते लिहीत नाही.

नियम: धातू आणि लाकूड एका नळीत नाही, एका कोपऱ्यातही नाही. ग्राइंडर आता बाहेर अंगणात, शटरच्या पलीकडे. भुशाचा डबा रोज रात्री रिकामा करून बाहेर. जवसाच्या तेलाच्या चिंध्याही गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटतात. त्या दोरीवर सुट्या पसरून वाळवायच्या, मग टाकायच्या.

२५ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस. दारं-खिडक्या बंद, हवा दमट, आणि धुळीचं वागणं एकदम बदललं. उडत कमी, चिकटते जास्त.

कटिंग टेबलाच्या लोखंडी पट्टीवर भुशाचा ढीग रात्रभर राहिला होता. सकाळी ढीग उचलला तर त्याच्या खाली, बरोबर त्याच आकाराचा, तांबडा डाग. भुसा हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंडाला धरून बसतो. बाकी पट्टी चकचकीत. बारीक पेपरने घासून काढला आणि वर मेण चोळलं. पावसाळ्यात लोखंडावर भुसा रात्रभर ठेवायचा नाही, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

भिंतीलगत भुशाची दोन पोती होती, ‘कुणाला तरी उपयोगी पडतील’ म्हणून ठेवलेली. खाली वाळवी. पोती गेली. भिंतीला काहीच टेकवून ठेवत नाही आता.

भुशाबद्दल एक: गोठ्यासाठी, बागेसाठी, चुलीसाठी लोक मागायला येतात. शुद्ध सागवानाचा देते. प्लाय आणि एमडीएफचा देत नाही, त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो. तो जनावरांखाली पसरायचा नाही आणि जाळायचा तर अजिबात नाही. आता दोन वेगळे डबे आहेत, आणि डबा बदलायचं लक्षात राहावं म्हणून एमडीएफचं काम एकाच दिवशी उरकते.

२२ जून

केरसुणीला पर्याय सापडला, तोही जुनाच. टिंबर मार्केटातले माझे ओळखीचे मिस्त्री दार बसवायला आले होते. मी व्हॅक्यूमची नळी घेऊन जमिनीवर वाकून वाकून फिरतेय ते बराच वेळ बघत होते.

‘ताई, घरापुढे झाडायच्या आधी सडा घालता ना?’

‘हो. पण इथे पाणी कसं टाकू? सगळं लोखंड आहे.’

‘पाणी नका टाकू. भुसा ओला करा आणि तो टाका. आमच्या वखारीत तसंच करतात.’

जाड सागवानी भुसा मूठभर पाण्याने कालवायचा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये इतपत. एका टोकाला पसरायचा आणि जाड केसांच्या ब्रशने दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा. बारीक धूळ ओल्या भुशाला चिकटून त्याच्याबरोबर जाते, हवेत उठत नाही. मीटर ५५ वरून ७० वर गेला, एवढाच. कच्च्या कोब्यावर हे केलं असतं तर डाग पडले असते. इपॉक्सीवर काही होत नाही. वापरलेला भुसा लगेच बाहेर टाकायचा, ठेवला तर बुरशी येते.

पाच महिने आणि काही हजार रुपये घालून जे शोधत होते ते मिस्त्रींनी चहाच्या कपाआधी सांगितलं. त्यांना सँडरची ट्यूब दाखवली, ती त्यांना पटली. ‘एवढी एक मला करून द्या’ म्हणाले. मास्क मात्र घालत नाहीत. दम लागतो म्हणतात.

६ जुलै

सामान लावणं. उघड्या फळ्या सगळ्या काढल्या. प्रत्येक फळी म्हणजे धूळ बसायला एक जागा. हत्यारं दार असलेल्या कपाटात, रोजची फक्त भिंतीवर खुंट्यांना. कपाटाच्या वरची जागा छतापर्यंत प्लाय ठोकून बंद केली. टेबलाखालचा भाग तिन्ही बाजूंनी झाकला, म्हणजे भुसा टेबलाखालीच राहतो आणि नळीपर्यंत जातो. कपड्याचं मशीन दुसरीकडे हलवायचं होतं, नळाची सोय नाही म्हणून राहिलं; त्यावर जुनी चादर.

१३ जुलै

हिशोब, जे नव्याने करणार आहेत त्यांच्यासाठी. मीटर २,२००. जमीन ७,४००, त्यात वाया गेलेला इपॉक्सी धरून. भिंतींचा रंग १,८००. शटरच्या दोन्ही पट्ट्या १,३५०. व्हॅक्यूम ६,५००, सायक्लोन १,४००, डबा ९००. पाइप दोन्ही वेळचे मिळून १,८५०. नळ्या आणि क्लिपा ८५०. फॅन २,३००, फिल्टर २,६००. मास्क ४००. एकूण २९,५५०. पेटीला आणि कपाटाला प्लाय घरातलाच.

यातले २,५०० सरळ पाण्यात: इपॉक्सी, मोठा पाइप आणि रबराची पट्टी. दहा हजारांच्या आसपास करायचं असेल तर व्हॅक्यूम, सायक्लोन, पत्र्याचा डबा, सँडरची नळी आणि चांगले एन-९५ मास्क घ्या, ओला भुसा वापरा आणि थांबा. जमीन पिठत नसेल तर तिला हात लावू नका. मीटर कुणाकडून तरी उसना आणा.

मास्कचं एक: दाढी असेल तर कडेने हवा शिरते, कितीही महाग असला तरी. नवऱ्याने स्कूटर बाहेर ठेवायचं कबूल केलं, दाढी काढायचं नाही.

राहिलेलं काम: कटिंग टेबलाच्या खालून ओढ आहे, पण पातं वरच्या बाजूनेही भुसा फेकतं, थेट माझ्या अंगावर. पात्यावर पारदर्शक अक्रिलिकचं झाकण आणि त्याला दुसरी नळी हवी. एकाच व्हॅक्यूमने खालची आणि वरची ओढ पुरेल असं वाटत नाही. आधी खालचं तोंड अर्धं बंद करून बघणार आहे. अक्रिलिक आणून ठेवलंय, ड्रिल करताना तडकू नये म्हणून मागे लाकडी ठोकळा धरून हळू भोक पाडायचं आहे.